ऊब खायला समुद्रावर

माझ्या आयुष्यात मी समुद्र एकदाच पाहिला, आणि तोही धड पाहता आला नाही. एक पोर कडेवर, एक बोटाला आणि तिसरं नव्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसून रडणारं, अशा अवस्थेत माणसाला समुद्र जेवढा दिसतो तेवढा दिसला. लोक म्हणतात, समुद्रापुढं उभं राहिलं की आपण किती क्षुद्र आहोत ते कळतं. मला माझं नाही, माझ्या घरच्यांचं कळलं. त्यानंतर मला कुणी कितीही आग्रह केला तरी मी गेले नाही. त्या सहलीतला अडीच वर्षांचा बंटी आता पुण्यात मोठ्या पगारावर आहे, आणि दर डिसेंबरात आपल्या जुळ्यांना घेऊन कुठल्या तरी उबदार बेटावर जातो. निळ्या पाण्याकाठी दोन्ही पोरं भोकाड पसरून रडताहेत आणि आईबाप काळे चष्मे लावून हसताहेत, असे फोटो मला मोबाइलवर येतात. यंदा त्यानं फोन केला, "आत्या, तूपण चल की, तुझाही आराम होईल." मी विचारलं, "पोरांना कोण बघणार?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "तेच तर, तू आहेस ना." खोटं बोलायला तो अजून शिकला नाही, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल. त्याच्या बापाला ते छान जमायचं.

त्याचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. लातूरला त्याचं पंप आणि पाइपांचं दुकान होतं. खाली दुकान, वर तीन खोल्या. आमचे वडील गेल्यावर अव्वा, म्हणजे माझी आई, उदगीरच्या घरी शेत सांभाळून राहिली आणि मला बी.एस्सी. करायला अण्णाकडं लातूरला ठेवलं. मी शेवटच्या वर्षाला होते. अभ्यासाला जागा म्हणजे गच्चीकडं जाणाऱ्या जिन्याची वरून तिसरी पायरी. थंडीच्या दिवसांत तिथं वाकळ पांघरून बसायचं, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक, आणि खालून दोन पोरांचा खोकला. बंटी खोकला की त्याचा आवाज रिकाम्या पाइपात खडा टाकल्यासारखा यायचा, आणि त्याला उत्तर दिल्यासारखी दीड वर्षाची सोनी खोकायची. मग वैनींची हाक: "शिवू, ओवा गरम कर." मी तव्यावर ओवा भाजून फडक्यात बांधायची, पोरांच्या छातीला शेक द्यायची, आणि परत पायरीवर. त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या वह्यांना ओव्याचा वास होता. परीक्षेत रासायनिक समीकरण लिहिताना मला खोकला ऐकू यायचा.

वैनी वाईट नव्हत्या, फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीत आपण मागं पडू नये असं वाटायचं. शेजारच्या डॉक्टरीणबाई दर थंडीत पोरांना घेऊन समुद्राकाठी जात, आणि आल्यावर दोन महिने तेच बोलत. वैनींनी आमच्या डॉक्टरांना तीनदा फिरवून फिरवून विचारलं, तेव्हा त्यांनी कंटाळून सांगितलं, "उबदार हवा मानवेल. न्यायचं असेल तर न्या." झालं. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात लेकरांना ऊब पाहिजे हा मंत्र सुरू झाला. लातूरला ऊन नाही का पडत? दुपारी गच्चीवर बसलं तर डोक्याला चटके बसायचे. पण ते फुकटचं ऊन होतं, त्याची कुणाला सांगायला गोष्ट होत नव्हती. आणि अण्णानं दिवस निवडला तो नेमका येळवसेच्या आधीचा. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं लातूर रिकामं होऊन शेतात जातं. कडब्याची खोप करायची, सगळ्या शेंगाभाज्यांची मिळून एक भज्जी, ज्वारीचे उंडे, माठातली गार अंबील, आणि ओळखीचा दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी घरात बसलेलं माणूस एक तर आजारी असतं नाही तर भांडलेलं. अव्वाला मी कळवलं तेव्हा तिनं उलट निरोप धाडला, "जाऊन ये." एवढाच. तिच्यासारख्या बाईनं येळवस बुडवायला एका शब्दानंही हरकत घेऊ नये, याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

नवल वाटावं अशा गोष्टी त्या आठवड्यात पुष्कळ झाल्या. वैनींनी मला तीन नव्या साड्या आणल्या. "समुद्रावर साडी कशाला? वली होईल," मी म्हणाले. "असू दे. चार लोकांत बरी दिसतीस," त्या म्हणाल्या. चार लोक कोण, तेही लवकरच कळलं. नांदेडहून अण्णाच्या ओळखीचे मन्मथअप्पा येणार होते. त्यांची दाळ मिल होती. वर्षापूर्वी काविळीत त्यांची बायको गेली होती, घरात दोन वर्षांची मुलगी गौरी आणि म्हातारी आई. "बिचाऱ्याला जरा बदल होईल, लेकरालाबी," असं अण्णा म्हणाला, आणि मला खरंच वाईट वाटलं. मी स्वतः त्या पोरीसाठी जुन्या लोकरीची टोपी विणली. एकवीस वर्षांची, शास्त्र शिकणारी मुलगी इतकी बावळट असू शकते याचा पुरावा म्हणून ती टोपी जपून ठेवायला हवी होती.

मन्मथअप्पांच्या आईला सगळे आक्का म्हणत. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, आणि डोळे असे की समोरच्याच्या ताटात मीठ किती वाढलंय ते दारातून सांगतील. जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "हात कामाचा हाय." मला वाटलं कौतुक केलं. आता वाटतं, देवणीच्या बाजारात गोऱ्ह्याचे दात यापेक्षा जास्त अदबीनं बघतात.

भाड्याची जीप, ड्रायव्हर सोडून पाच मोठी माणसं, तीन पोरं, एक स्टोव्ह, दोन पातेली, ज्वारीच्या पिठाचा डबा, धपाट्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, आणि आक्कांची पाण्याची वेगळी कळशी. सोलापूर सोडेपर्यंत सोनीनं दोनदा उलटी केली, दोन्ही वेळा माझ्या अंगावर. कोल्हापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाट उतरायला लागलो तशी हवा बदलली. दमट, गरम, कुणी मिठाचा हात गालावरून फिरवल्यासारखी. वैनींनी विजयी चेहऱ्यानं पोरांचे स्वेटर उतरवले. त्याच वेळी बंटीला मळमळायला लागलं. मन्मथअप्पा पुढच्या सीटवर होते. गौरी मागं माझ्या शेजारी. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. आई गेल्यापासून बोलायची बंद झालीय, असं वैनी म्हणाल्या. तिनं फक्त माझी करंगळी धरली होती. कोल्हापूरपासून घाट संपेपर्यंत, बोट घामानं चिकट झालं तरी सोडलं नाही. अख्ख्या प्रवासात तिच्या बापानं मागं वळून पाहिलं ते एकदा, आणि तेही चटणीचा डबा मागायला.

गाव मालवणच्या अलीकडचं होतं. माडांच्या आत एक लांबट कौलारू घर, समोर ऐसपैस पडवी, पायऱ्या उतरल्या की वाळू आणि वाळू संपली की पाणी. त्या घरच्या बाईनं हसत विचारलं, "जेवण काय करू? आज ताजी सुरमई आहे." आक्कांनी पदर नाकाला लावला तो चार दिवस काढला नाही. जातीनं लिंगायत, पिढ्यानपिढ्या शाकाहारी आम्ही. मासळी वाळत घातलेल्या किनाऱ्यावर ऊब खायला आलो होतो. वाऱ्याचा प्रत्येक झोत नाकावर येऊन बसायचा. बाईंच्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा चालायचं नाही, म्हणून पडवीच्या कोपऱ्यात आमचा स्टोव्ह मांडला आणि मी त्याच्यापुढं. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर येऊन आम्ही रोज पिठलं आणि भाकरी खाल्ली. लातूरला खातो तीच, फक्त घाम गाळून. मी भाकरी थापताना आक्का पाटावर बसून बघायच्या. "पातळ थापती. बरंय." "मीठ बेतात टाकती." "लेकरू रडलं तर हात धुऊन जाती का तसीच उठती?" हे सगळं त्या हवेशी बोलल्यासारखं बोलत. चहा झाला की वैनी कप माझ्या हातात द्यायच्या, "अप्पांना तू दे." मन्मथअप्पा कप घ्यायचे, पेपरातून मान न काढता. तो पेपर तीन दिवसांपूर्वीचा होता, कोल्हापुरात घेतलेला. चौथ्या दिवशीही तोच वाचत होते.

आणि पोरं. मोठी माणसं ज्यांच्यासाठी आली होती ती पोरं. बंटी लाटेला पाहून पहिल्या दिवशी इतका घाबरला की पायरीवरून खाली उतरेना. दुसऱ्या दिवशी इतका धीट झाला की वर येईना. सोनीनं वाळू खाल्ली. दोनदा ओकली, पुन्हा खाल्ली. खोकला थांबला हे खरं, पण त्याच्या जागी दोघांची पोटं बिघडली आणि पाठीवर घामोळं उठलं. रात्रीचे कपडे सकाळपर्यंत वाळत नव्हते. दुपटी, लंगोट, झबली, सगळं माडांच्या मधल्या दोरीवर, आणि दोरीखाली मी. वैनी खुर्चीवर बसून म्हणायच्या, "किती मोकळं वाटायलंय नं शिवू?" मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मोकळं कुणाला वाटायलंय. पण विचारणारं कुणी नव्हतं, आणि गौरीनं करंगळी धरलेली होती.

तिच्याबद्दल मात्र मला हिणकस लिहिता येत नाही. ती वाळूत बसायची आणि शिंपल्या निवडायची. भांडायची नाही, मागायची नाही. दुसऱ्या दिवशी मी भाकरी करताना ती माझ्या पाठीला पाठ लावून बसली आणि तशीच झोपली. मी तवा उतरवेपर्यंत हललेच नाही. त्या वेळी आक्का माझ्याकडं बघून समाधानानं मान हलवत होत्या, ते मला दिसलं होतं. मला ती माया वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर वैनी म्हणाल्या, "आज आमी पडवीतच बसतो. तू तिघांना घेऊन जा खाली." मी म्हणाले, "वैनी, तिघं एकटीला? तुमी या की संगं." त्या अण्णाकडं बघायला लागल्या. अण्णा म्हणाला, "जा गं, हितंच तर हाय. आमचं ध्यान हाय." चौघं खुर्च्या ओढून ओळीनं बसले, नाटकाला बसतात तसे.

भरती लागली होती. मला भरती-ओहोटी पुस्तकातून माहीत होती. पाय ओले होतात ते पुस्तकात नसतं. सोनी कडेवर, बंटी पुढं पळतोय, गौरी शिंपल्यांपाशी. मी बंटीला दोनदा ओढून आणला. तिसऱ्यांदा तो पळाला आणि मागून आलेल्या लाटेनं त्याला उताणा पाडला. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण अडीच वर्षांच्या पोराला गुडघ्याएवढं पाणी म्हणजे विहीर. मी धावले. साडी पायांत गुंतली, मी पडले, सोनी हातातून निसटून वाळूत बसली आणि किंचाळली. बंटीचा दंड हाताला लागला तेव्हा त्याच्या नाकातोंडात पाणी होतं. त्याला पालथा धरून पाठीवर थापट्या मारल्या, तो खोकला, रडला, आणि त्याचं रडणं ऐकून माझा जीव जागेवर आला. मग सोनीला उचलून मी मागं वळले. शिंपल्यांपाशी कुणी नव्हतं.

गौरी दूर उजवीकडं, जिथं होड्या ओढून ठेवल्या होत्या तिथं, सरळ पाण्यात चालली होती. घाई नाही, भीती नाही. पोटापर्यंत पाणी आलं होतं. माझ्या एका हातात बंटी, दुसऱ्यात सोनी. दोघांना पाण्याकाठी सोडून पळता येईना, घेऊन पळता येईना. मी पडवीकडं तोंड करून जीव खाऊन ओरडले, "अण्णा! अण्णा, गौरी! पळ!" मला ते चौघं स्वच्छ दिसत होते. अण्णा अर्धा उठलेला. आणि आक्कांचा हात त्याच्या मनगटावर. तो परत खाली बसला. मन्मथअप्पांनी पेपर खाली केला होता, एवढंच.

मी पुन्हा ओरडले. मग दोन्ही पोरं काखेत मारून पळायला लागले, पण वाळूत पाय रुतत होते आणि मला पक्कं कळत होतं की मी पोचणार नाही. होड्यांच्या मागून एक कोळीणबाई आली. डोक्यावरची पाटी तिनं तिथंच टाकली, मासे वाळूत सांडले, चार ढांगांत पाण्यात शिरली आणि गौरीला मानगुटीजवळ झबल्याला धरून उचललं. पोरीच्या केसांतून पाणी गळत होतं. लाट तिच्या डोक्यावरून जाऊन आली होती. मी पोचले तेव्हा बाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. "ह्या कोणाचा चेडू गो?" तिनं विचारलं. मुलगी कुणाची, एवढं मला कळलं. मी काही बोलायच्या आत गौरी तिच्या हातातून वाकून माझ्या गळ्यात पडली आणि तिनं तोंड उघडलं. शब्द नाही, नुसता आवाज. पण आवाज होता. बाई म्हणाली, "मगे सांभाळ ना," आणि मासे गोळा करायला गेली. मला तिचे आभार मानायचंही सुचलं नाही. माझ्या ओल्या साडीचा आणि तिच्या माशांचा वास एकच झाला होता, आणि त्या दिवसापासून मला त्या वासाचं काही वाटत नाही.

मी पायऱ्या चढले. वैनींनी बंटी-सोनीला ओढून घेतलं. त्या रडत होत्या, तेवढं मला मान्य आहे. मी अण्णापुढं उभी राहिले.

"मी हाका मारायले ते ऐकू आलं न्हाई का?"

"आलं की," अण्णा म्हणाला आणि आक्कांकडं बघितलं.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "मीच धरलं त्याला. म्हनलं थांबा, बघू दे कसी निभावती. एकटीवर तीन लेकरं पडली तर काय करती, हे घरात बसून कसं कळनार?"

"आक्का, ती पान्यात चालली व्हती."

"तू व्हतीस की तिथं."

"मी न्हवते. मी बंटीकडं व्हते. ती परकी बाई व्हती."

"असू दे. लेकरू बिलगलं ते तुलाच." मग त्या अण्णाकडं वळल्या आणि घरातलं भांडं पसंत पडावं तशा हसल्या. "आमची पसंती हाय. नांदेडला गेलं की सुपारी फोडून घेऊ."

मला सगळं एकदम कळलं नाही. आधी साड्या कळल्या. मग माझा उलटा करून पाहिलेला हात, मग चहाचे कप, मग भाकरीवरचे ते शेरे, मग "चार लोक". सगळ्यात शेवटी अण्णा कळला, कारण तो माझ्याकडं बघत नव्हता. वडील गेल्यावर माझी जबाबदारी त्याच्यावर आली असं तो सगळ्यांना सांगायचा. ती उतरवायला त्यानं समुद्र शोधला होता. पोरांना ऊब वगैरे झूट होतं. माझ्या अंगावर ओलं लुगडं होतं, गौरीचे दात वाजत होते, आणि मला इतका संताप आला की थंडी वाजायची थांबली.

"आक्का," मी म्हणाले, "ही पोरगी बुडाली असती तर नापास कोन झालं असतं?"

मन्मथअप्पांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. त्याची मुलगी आहे. ते म्हणाले, "आक्का, तिचे कपडे वले झालेत. कुनीतरी बदला."

कुणीतरी. तीस वर्षं मी मुखेडला शाळेत शिकवलं, हजारो पोरांचे निबंध तपासले, पण एका शब्दात अख्खा माणूस मावलेला मी पुन्हा पाहिला नाही.

"मला ह्ये लगीन करायचं न्हाई," मी म्हणाले.

"तुला कुनी इचारलंय?" अण्णा ओरडला. "बाप न्हाई तुला. कोन करनार तुझं? घरबसल्या मिल चालून आलीय, अन् तू तोंड वर करून—"

"आयतं लेकरूबी मिळायलंय," वैनी रडता रडता म्हणाल्या. त्यांना बिचारीला खरंच ते फायद्याचं वाटत असावं.

मी गौरीचे कपडे बदलले. 'कुणीतरी' म्हणून नाही. ती गारठली होती म्हणून. तिचं अंग पुसलं, केस पुसले, माझ्या कोरड्या साडीत गुंडाळली. ती माझ्याकडं टक लावून बघत होती, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

परतीला दोन दिवस लागले. पोरांचा खोकला घाट चढताच परत आला. आक्कांनी दोनदा गौरीला माझ्या मांडीवरून उचलायला हात घातला, दोन्ही वेळा तिनं असा टाहो फोडला की ड्रायव्हरनं गाडी थांबवली. तिसऱ्यांदा त्यांनी हात घातला नाही. लातूरला आमच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा नांदेडची माणसं खाली उतरायलाही तयार नव्हती. मी उतरले, पुढच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "अप्पा, हात पुढं करा."

ते गोंधळले. "आक्का घेतील की."

"न्हाई. तुमी घ्या."

त्यांनी हात पुढं केले, दाळीचं पोतं उतरवून घेतात तसे. "असं न्हाई," मी म्हणाले. "एक हात खाली, एक पाठीवर. डोकं तुमच्या खांद्याला. हाव, असं." दोन वर्षांच्या मुलीचा बाप, त्याला मूल धरायला मी शिकवलं, त्याच्याच घरची वाट नाकारून. गौरी रडली नाही. तिनं माझी करंगळी सोडली आणि बापाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत राहिली, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत. तीन महिन्यांत मन्मथअप्पांचं दुसरं लग्न झालं, देगलूरकडची एकोणीस वर्षांची मुलगी. तिची परीक्षा कुठल्या पाण्यावर घेतली ते मला कळलं नाही. गौरीचं पुढं काय झालं, तेही नाही. नांदेडला शाळेच्या कामानं मी शंभर वेळा गेले; चौकशी करायला पाच मिनिटं लागली असती. इतरांवर इतके शिंतोडे उडवणाऱ्या बाईला तेवढं धाडस झालं नाही, हेही इथं लिहून ठेवते.

अण्णानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "कॉलेज बंद. उदगीरला जाऊन बस." मी पुस्तकं पिशवीत भरली आणि एस.टी.नं उदगीरला गेले. अव्वा अंगणात तुरी निवडत बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हतं," ती म्हणाली. सुपातून मान वर काढली नाही.

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस का?" मग तिनं सूप खाली ठेवलं. "मला वाटलं, घर भरलेलं हाय, मानूस निर्व्यसनी हाय. लेकरू हाय त्याला काय, लळा लागतो. मलाबी असंच बघून आनलं व्हतं. चार म्हशीच्या धारा काढायला लावल्या व्हत्या तुझ्या आजीनं, अन् समदे खाटेवर बसून बघत व्हते."

मी तिला सगळं सांगितलं. भरती, बंटीच्या नाकातलं पाणी, गौरी पोटाएवढ्या पाण्यात, आणि अण्णाच्या मनगटावरचा हात. तिथपर्यंत ती ऐकत होती. हाताचं ऐकलं आणि तिनं मला थांबवलं. "बसला तो? उठला व्हता अन् परत बसला?"

"हाव."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. तुरीतले खडे निवडत राहिली, खडा बाजूला, खडा बाजूला. शेवटी म्हणाली, "जेव अन् झोप. सोमवारी जायचंय."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही लातूरला गेलो. तिनं डोक्यावर वळकटी घेतली होती, माझ्या हातात देईना. अण्णाच्या दुकानावरून आम्ही गेलो, तो गल्ल्यावर होता, उठून बाहेर आला, "अव्वा, हितं कुठं?" म्हणाला. ती थांबली नाही. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात एक चष्मेवाले क्लार्क होते. वर्ष अर्धं सरलंय, जागा नाही, असं आधी सांगून झालं. अव्वा वळकटीवर बसली आणि दुपारपर्यंत तिथून हलली नाही. शेवटी त्यांनी फॉर्म काढला. मी भरला. पालक या शब्दापुढं रिकामी जागा होती.

"इथं वडलांची सही लागेल," ते म्हणाले.

"वडील नाहीत," मी म्हणाले.

"मग भाऊ?"

"भाऊ हाय," अव्वा म्हणाली आणि पेन मागितलं. तिचं माहेर भालकीकडचं. दुसरीपर्यंत शाळा, तीही कानडी. मी तिला कधी काही लिहिताना पाहिलं नव्हतं. ती टेबलावर वाकली, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर गोल गोल काढायला लागली. क्लार्कनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"बाई, हे काय आहे? वाचता येत नाही."

"माझं नाव हाय," ती म्हणाली. "तुमाला येत न्हाई म्हनून ते खोटं व्हत न्हाई. शिक्का मारा."

त्यांनी शिक्का मारला.